रात्रपाळीची रेघ

कुडचड्याच्या भंगारवाल्यानं वजनावर दिला.
नऊ किलो सातशे, तोटीसकट.
तोटी पितळेची, तिचा भाव वेगळा, असं तो म्हणाला नाही;
म्हणाला, काट्यावरचे कारकून तुम्ही, तुमच्याशी कोण वाद घालणार.
खरंच होतं. सतरा वर्षं ट्रक तोलले मी,
भरलेला वजा रिकामा, उरतं ते खनिज.
टोप ओळखीचा आहे हे मात्र बोललो नाही.
भाव वाढला असता.

खाणीवरच्या कँटीनचा हा, साठ लिटरचा.
फटू वेळीप यातच चहा उकळायचा,
आलं असं ठेचायचा की
ड्रायव्हर हॉर्न न वाजवता रांगेत उभे राहत.

आता यात बियर करायची आहे.
सुलक्षा म्हणते, निवृत्त माणसं मिरच्या लावतात.
शेजारचा बोस्त्यांव, ज्याच्या घरी तीन पिढ्या काजूची भाटी,
वाकून आत बघतो:
"बार्लीची पेज करतलो मरे तूं?"

आधी धुण्याचा सोडा, ओंजळभर, तासभर उकळत.
चहाचे तपकिरी पापुद्रे सुटून वर आले,
एकेक वर्ष एकेका पापुद्र्याचं असावं तसे.
खाली दुधाचा थर. पांढरा, दगडी,
नखाला न जुमानणारा. त्याला आंबटच लागतं.
बोस्त्यांवनं परसातली बिमलां आणली टोपलीभर,
तांब्याच्या भाणाला त्याची बायको हीच घासते.
ठेचली, चोळली, बोटांच्या चिरा चुरचुरल्या.
तारेचा घासा नको. ब्लीच तर नकोच,
त्यानं स्टीलला देवीचे वण पडतात.

तोटी खोलली आणि आट्यांत लाल सापडलं.
गंज म्हणावा तर बोटाला मऊ.
ओळखलं मग.
हीच धूळ भातावर, उशीवर,
मुलाच्या पहिलीच्या पाटीवर.
हिची भावंडं बार्जमधून गेली, बोटीत चढली,
कुठे तुळई झाली, कुठे पत्रा,
एखादं टोपही झालं असेल.
ही मागे राहिली, आट्यांत, चहाच्या वाफेवर.
जुन्या टूथब्रशनं काढून कागदावर घेतली.
चमचाभरही नव्हती.
तरी ओठ हललेच माझे: भरलेला वजा रिकामा.

आतल्या भिंतीवर फटूनं खिळ्यानं ओढलेल्या रेघा.
वरची दिवसपाळी. मधली रात्रपाळी.
आणि तळाजवळ एक तिसरी, वाकडी,
खाण बंद पडल्यानंतरची,
जेव्हा चौकीदार, पंपवाला आणि मी
एवढेच चहाला उरलो होतो.
ओरखड्यात जंतू बसतात, पॉलिश पेपरनं घालवा म्हणतात.
उकळायच्या भांड्यात कुठला जंतू तगणार?
मापानं पाणी ओतत गेलो. रात्रपाळीची रेघ
नेमकी तेवीस लिटरवर.
माझ्या एका घाण्याला तेवीसच लागतात.

फटूला फोन लावला. केप्याला असतो लेकीकडे, ऐकू कमी येतं.
"तेवीस!" मी ओरडलो.
"कपां?"
"न्हय रे, लिटर!"
जरा वेळ नुसती घरघर, मग:
"साकर मातशी चड घाल."

यानंतर हात लावायचा नसतो.
दोन दिवस टोप वाऱ्यावर सोडायचा,
स्टील हवेतून स्वतःवर कातडी धरतं,
इतकी पातळ की दिसत नाही,
आणि घाई केली तर धरत नाही.
दोन दिवस मी परसात येरझाऱ्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी साधं पाणी उकळलं,
निवलं, तीन पेल्यांत घेतलं.
मला काही लागलं नाही.
बोस्त्यांवनं तोंडात घोळवून मान हलवली, "कांयच ना."
सुलक्षानं घोट घेतला. थांबली. पुन्हा घेतला.
"आलं," ती म्हणाली.

सोडा संपला, मी सांगून टाकलं.
अर्धी पिशवी फडताळात होती.